कोचनं फोन कधी करायचा, हे कुणी ठरवायचं?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे दोन गोष्टी एकदमच सुरू होतात, ॲडमिशनची पळापळ आणि खेळाडूंची पळवापळवी. पहिलीबद्दल पेपरात रोज रकाने भरून येतं. दुसरीबद्दल कुणी काही लिहीत नाही, कारण त्यात सगळेच एकमेकांच्या ओळखीचे, उद्या परत त्याच मैदानावर तोंड दाखवायचं असतं. मी शाळेत पीटी शिकवते आणि संध्याकाळी मुलींचा खो-खो घेते, त्यामुळे मे महिन्यापासून माझा फोन वाजायला लागतो. "मॅडम, ती तुमची पोल डाइव्ह मारणारी पोरगी, बारावी झाली ना तिची? नंबर द्या की." बस, एवढंच, नंबर द्या की. पोरगी अजून अठराची झालेली नसते, मागणारा माणूस तिला आयुष्यात एकदा कुठल्यातरी जिल्हा स्पर्धेत लांबून बघितलेला असतो, घरी आई-बाप आहेत, त्यांच्याशी बोलावं असं काही त्याच्या मनात येत नाही. आणि ह्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही हे विशेष.

यंदा मात्र मला ह्याच्या बरोब्बर उलटी तक्रार ऐकायला मिळाली आणि त्यावरूनच हे सगळं लिहायला बसले.

जुळे सोलापुरात आमच्या ओळखीचे एकजण आहेत, टॉवेलचा कारखाना आहे त्यांचा, मुलगा टेनिस खेळतो. बऱ्यापैकी खेळतो म्हणजे दर महिन्याला कुठं ना कुठं टूर्नामेंटला जायचं, गाडीत मागच्या सीटवर पाठ्यपुस्तकं आणि रॅकेटची पिशवी. त्याला अमेरिकेत कॉलेजला जायचंय टेनिसच्या जोरावर. दहावीत असतानाच त्यानं तिकडच्या काही कोचना मेल टाकले, व्हिडिओ पाठवले, आणि उत्तरं काय आली तर एका ठिकाणाहून एक फॉर्म आणि दुसऱ्या ठिकाणाहून समर कॅम्पचं माहितीपत्रक. वडील वैतागले. मला म्हणाले, "ताई, तुम्ही खेळातल्या आहात म्हणून विचारतो, हा माणूस भाव खातोय काय ओ? पोराला दोन ओळी लिहायला काय जातंय त्याचं?" मला तरी काय माहीत, मी आयुष्यभर खो-खो आणि थोडाफार कबड्डीचा कागद बघितलेला, पण म्हणलं बघते, आणि मग रात्री जेवणं उरकल्यावर त्यांच्या एनसीएए नावाच्या संघटनेचे नियम वाचत बसले ते वाचतच गेले.

तर तो कोच भाव खात नव्हता, त्याला बोलायला बंदी होती. एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या हजाराच्या वर कॉलेजांच्या खेळांची संघटना, १९०६ पासूनची. तिच्या पहिल्या डिव्हिजनच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातल्या कॉलेजांना बहुतेक खेळांत असा नियम आहे की पोरगं तिकडच्या दहावीतून पार पडून १५ जून उजाडेपर्यंत कोचनं त्याला भरतीबद्दल फोन करायचा नाही, मेसेज करायचा नाही, मेलला उत्तर द्यायचं नाही. फॉर्म पाठवता येतो, कॅम्पची माहिती पाठवता येते, बास. पोरानं स्वतःहून शंभर मेल केले तरी कोचनं गप्प बसायचं. गंमत म्हणजे १५ जून ही आपल्याकडे शाळा उघडायची तारीख, तिकडे पोरांचे फोन वाजायची.

आणि खरंच वाजला. १५ जूनला त्या वडिलांचा सकाळी मला फोन, "ताई, आला ओ मेल!" तिकडे रात्रीचे बारा वाजून तारीख बदलली आणि त्या कोचनं पाठवलेला होता. म्हणजे माणूस मध्यरात्री जागून घड्याळाकडे बघत बसला असणार, किंवा मेल आधीच लिहून लावून ठेवला असणार. काही का असेना, एक मिनिट आधी पाठवला नाही. मला त्या मेलमधल्या मजकुरापेक्षा ह्या गोष्टीचंच जास्त नवल वाटलं.

हा नियम कुठून आला तेही वाचलं. लॅक्रोस नावाचा एक खेळ आहे तिकडे, काठीला जाळी लावून चेंडू झेलायचा, त्यात कॉलेजचे कोच आठवी-नववीतल्या पोरांकडून तोंडी होकार घेऊन ठेवायचे. एकानं घेतला की दुसरा घाबरून त्याच्याही आधी घ्यायचा. शेवटी कोच लोकच म्हणाले की हे आम्हाला थांबवता येत नाहीये, नियम करा, आणि २०१७ मध्ये त्या खेळासाठी नियम झाला, मग बाकीच्या खेळांतही तारखा आल्या. तोंडी होकार. हे वाचताना मला आपल्याकडचे किती चेहरे डोळ्यासमोर आले काय सांगू.

बरं नुसती तारीख नाही, वर्षाचं अख्खं कॅलेंडर आखलेलं असतं त्यांचं, खेळाप्रमाणे थोडं वेगळं. काही आठवडे असे की कोच पोराच्या घरी, शाळेत जाऊन भेटू शकतो. काही आठवडे असे की लांबून खेळ बघायला परवानगी आहे पण कॉलेजच्या बाहेर थांबून गप्पा मारायच्या नाहीत. काही असे की पोरगं कॉलेजात आलं तर तिथंच भेटायचं, बाहेर नाही. आणि काही आठवडे पूर्ण बंद, समोरासमोर भेटच नाही, त्याला ते डेड पिरियडच म्हणतात, तेवढ्यात पोरानं जरा श्वास घ्यावा, अभ्यास करावा, विचार करावा. प्रत्येक मोठ्या कॉलेजात ह्या नियमांसाठी वेगळं ऑफिस असतं, कंप्लायन्स म्हणतात त्याला, आणि कोचनं चुकून एखादा फोन आधी केला तर ते ऑफिस स्वतःच वर कळवतं की आमच्याकडून अशी अशी चूक झाली. स्वतःच्याच कोचची तक्रार स्वतःच. मी आमच्या एका सरांना हे सांगितलं तर ते एवढं हसले की चहा सांडला.

पण म्हणून तिकडे सगळे साधुसंत आहेत असं कुणी समजू नये. टेक्सासमध्ये साउदर्न मेथडिस्ट म्हणून युनिव्हर्सिटी आहे, तिथं अमेरिकन फुटबॉलच्या पोरांना बाहेरचे श्रीमंत चाहते गुपचूप पैसे देत होते, एकदा पकडले गेले तरी चालूच ठेवलं, आणि १९८७ मध्ये एनसीएएनं त्यांचा अख्खा सीझनच रद्द केला. पुढच्या वर्षी उरलेले थोडे सामने खेळण्यात अर्थ नाही म्हणून कॉलेजनं तोही सीझन सोडून दिला. त्यात कहर म्हणजे ते पैसे चालू ठेवायच्या निर्णयात आपण होतो असं खुद्द राज्याच्या गव्हर्नरनं कबूल केलं, ते आधी त्या युनिव्हर्सिटीच्या बोर्डावर होते. आपल्याकडे नेता संस्थाचालक असतो, तिकडेही तेच की.

आणि नियम करणारे काही नेहमी पोरांच्याच बाजूचे होते असंही नाही. कित्येक वर्षं खेळाडूनं एक पैसा घ्यायचा नाही, तो हौशी आहे, असं सांगून कोचना मात्र कोटी कोटी रुपये पगार, इतके की कित्येक राज्यांत सरकारी पगार घेणाऱ्यांत सगळ्यात वरचा माणूस फुटबॉलचा कोच असतो. पोरांना खायला किती घालायचं ह्यालाही मोजमाप होतं. २०१४ मध्ये कनेक्टिकटच्या बास्केटबॉल टीमनं देशातली सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकली आणि त्यांचा स्टार शबाझ नेपियर म्हणाला की काही रात्री मी उपाशी झोपतो. टीव्हीवर लाखो लोक ज्याला बघतात तो पोरगा उपाशी. बोभाटा झाला आणि त्याच महिन्यात नियम बदलून खेळाडूंना हवं तेवढं जेवण द्यायला परवानगी मिळाली. पैशाचं पण तसंच, २०२१ मध्ये एनसीएएवाले तिकडच्या सुप्रीम कोर्टात हरले, त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून पैसे घेता यायला लागले, आणि २०२५ पासून तर कॉलेजच थेट पैसे देऊ शकतं. (आपल्या पोरांनी मात्र लगेच हुरळून जाऊ नये, स्टुडंट व्हिसावर गेलेल्यांना कामाची बंधनं असतात, तिकडच्या पोरासारखं जाहिरात करून पैसे घेता येत नाहीत. हे मी त्या टेनिसवाल्या वडिलांना स्पष्ट सांगितलं, त्यांचा चेहरा थोडा उतरला.)

एवढं सगळं वाईट-साईट असूनही मला एक गोष्ट पटली, आणि तेच मला सांगायचंय. त्यांच्या नियमांचा मोठा हिस्सा मोठ्या माणसांवर आहे. कोचनं काय करायचं नाही, कॉलेजनं काय द्यायचं नाही, चाहत्यानं कुठं तोंड घालायचं नाही. शिक्षासुद्धा कोचच्या मागं जाते. मिशिगन युनिव्हर्सिटीचे फुटबॉलचे कोच जिम हारबॉ, त्यांच्यावर कोविडच्या काळात भेटी बंद असताना पोरांना भेटल्याचा ठपका होता, चौकशीत खरं सांगितलं नाही हा त्याहून मोठा ठपका, तर २०२४ मध्ये त्यांना ४ वर्षांची शिक्षा लागली, म्हणजे ह्या मुदतीत कुठल्याही कॉलेजनं त्यांना घ्यायचं म्हणलं तरी ती शिक्षा तिथंही लागू. तोपर्यंत ते व्यावसायिक फुटबॉलमध्ये निघून गेले होते ही गोष्ट वेगळी. पण कागदावर तरी आहे.

आता आपलं बघा. युनिव्हर्सिटीच्या स्पर्धा एआययूच्या नियमानं चालतात, म्हणजे दिल्लीची असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज. आधी कॉलेजा-कॉलेजांच्या स्पर्धा, त्यातून आपल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचा संघ, मग वेस्ट झोन, मग ऑल इंडिया. एलिजिबिलिटीचा फॉर्म काढून बघा, वय १७ ते २५, तेही १ जुलैला मोजायचं. रेग्युलर विद्यार्थी पाहिजे, बाहेरून परीक्षा देणारा चालत नाही. पूर्णवेळ नोकरी करणारा चालत नाही. एका शैक्षणिक वर्षात एकाच युनिव्हर्सिटीकडून खेळायचं. दहावीचं सर्टिफिकेट, बारावीचं मार्कशीट, फोटोवर प्राचार्यांचा शिक्का, सही फोटोवर अर्धी आणि कागदावर अर्धी. सगळे नियम योग्यच आहेत, माझं काही म्हणणं नाही, पूर्वी बापे माणसं कॉलेजची पोरं म्हणून खेळायची ते मी डोळ्यानं बघितलंय. पण ह्यातला प्रत्येक नियम खेळाडूवर आहे. खेळाडूला घेणाऱ्यावर काय आहे? त्यानं कधी फोन करायचा, काय कबूल करायचं, कबूल केलेलं लिहून द्यायचं की नाही, ह्यावर मला तरी त्या फॉर्ममध्ये एक ओळ सापडली नाही.

ओढाताण कशासाठी होते ते सगळ्यांना माहीत आहे. कॉलेजला जनरल चॅम्पियनशिप पाहिजे असते, कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फाइलला फोटो पाहिजे असतात, सरांना दाखवायला पदकं. आणि पोरीला सर्टिफिकेट पाहिजे असतं कारण सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पोलीस भरतीत त्याच्यावर सगळ्यांचा डोळा. खोटी सर्टिफिकेटं इतकी निघाली की आता क्रीडा खात्याकडून पडताळणी करून घेतल्याशिवाय त्या कागदाला किंमत नाही. म्हणजे कागद दोघांनाही पाहिजे, पण घासाघीस करताना एका बाजूला पन्नाशीचा मुरलेला माणूस आणि दुसऱ्या बाजूला गावाकडून एसटीनं आलेली सतरा वर्षांची पोरगी.

एक उदाहरण सांगते, नाव-गाव सांगत नाही. आमच्या जिल्ह्यात वेळापूरकडच्या भागात खो-खो म्हणजे घराघरात, तिकडचीच एक पोरगी. सूर अशी मारायची की समोरच्या पोरीला कळायच्या आत हात टेकलेला असायचा. एका कॉलेजवाल्यांनी घरी येऊन चहा पिऊन सांगितलं, फी माफ, होस्टेल फ्री, बूट-किट कॉलेजचं, डाएट वेगळं. बापानं विचारलं लिहून देता का, तर म्हणाले, "मालक, आमच्या शब्दावर विश्वास नाही का?" आता असं विचारल्यावर शेतकरी माणूस काय बोलणार. पहिलं वर्ष झकास गेलं, पोरगी युनिव्हर्सिटीला खेळली, कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागला. दुसऱ्या वर्षी सरावात गुडघा गेला. लिगामेंट. आणि मग हळूहळू एकेक गोष्ट आठवायला लागली कॉलेजला, होस्टेलची थकबाकी आहे, फी माफ म्हणजे फक्त ट्यूशन फी म्हणलं होतं, परीक्षा फी वेगळी, मेसचं बिल तर तुमचंच. शेवटी पोरगी म्हणाली मला घराजवळच्या कॉलेजला जायचंय, तर टीसी देईनात. आधी बाकी भरा. बाकी कशाची, तर जे फुकट म्हणून सांगितलं होतं त्याची. बापानं सोयाबीनचे पैसे आल्यावर भरले आणि टीसी सोडवून आणली, जशी काय गहाण पडली होती.

ह्यावर सगळे म्हणतात, अहो चालतंच असं, तिकडे अमेरिकेत सगळं चांगलं असेल. तर नाही, हेही तिकडे होतंच. खेळाडूला दुसऱ्या कॉलेजला जायचं असलं तर जुना कोच अडवू शकायचा, त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कॉलेजनं त्या पोराशी स्कॉलरशिपचं बोलायचं नाही असाच नियम होता. २०१८ मध्ये तो काढून टाकला. आता खेळाडूनं नुसतं कळवायचं की मला जायचंय, आणि कॉलेजनं कामकाजाच्या २ दिवसांत त्याचं नाव यादीत टाकायलाच पाहिजे, मग कुणीही त्याच्याशी बोलू शकतं. परवानगी मागायची नाही, कळवायचं फक्त. त्याच वर्षी आपल्याकडे यूजीसीनंही काढलं की विद्यार्थ्यांची मूळ कागदपत्रं कॉलेजनं अडकवून ठेवायची नाहीत. पण ते परिपत्रक हातात घेऊन ऑफिसच्या खिडकीत उभं राहायची हिंमत किती पोरींच्यात आहे, आणि खिडकीतला क्लार्क तर म्हणतो सरांना भेटा, सर म्हणतात मॅच झाल्यावर बघू.

परत त्या टेनिसवाल्याकडे येते, कारण तिथंही पोराला गंडवायचा प्रकार झालाच, फक्त तो कोचनं केला नाही, मधल्या माणसानं केला. मोठ्या शहरातला एक कन्सल्टंट त्यांना भेटला, ऑफिस एसी, भिंतीवर अमेरिकेचे फोटो, म्हणाला स्कॉलरशिप मिळवून देतो, आधी काही द्यायची गरज नाही, जेवढी स्कॉलरशिप मिळेल त्यातले अमुक टक्के माझे. ऐकायला किती रास्त वाटतं बघा, काम झालं तरच पैसे. वडील तर तयारच होते, धंदेवाला माणूस, टक्केवारी त्यांना लगेच कळते. नशीब मी तोपर्यंत वाचलेलं होतं. एनसीएएचा नियमच आहे की स्कॉलरशिपच्या रकमेवर ठरणारी फी कुणाला द्यायची नाही, तसा करार केला तर पोराचीच पात्रता धोक्यात येते. ठरावीक फी घेऊन माहिती देणारा, व्हिडिओ पाठवणारा माणूस चालतो, टक्केवारीवाला नाही. त्या कन्सल्टंटला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. वडिलांनी फोन करून विचारलं तर म्हणाला, "ते सगळं कागदावर असतं, साहेब."

मग आम्ही तिघांनी बसून कागदांचं काम काढलं. तिकडच्या एलिजिबिलिटी सेंटरला, म्हणजे खेळाडूची पात्रता तपासणाऱ्या एनसीएएच्या ऑफिसला, नववीपासूनचे मार्क लागतात. दहावीचं मार्कशीट लॅमिनेशन करून देवघराशेजारी ठेवलेलं, पण नववीचं? आपल्याकडे नववीचं प्रगतीपुस्तक कोण सांभाळतंय ओ, ते रद्दीत गेलेलं. शाळेत जाऊन परत काढून आणलं. पुढं १६ ठरावीक विषय आणि त्यात किमान २.३ चा जीपीए, म्हणजे मार्कांची तिकडच्या पद्धतीची सरासरी, लागतो पहिल्या डिव्हिजनला, म्हणजे अकरावी-बारावीत "खेळाडू आहे, हजेरी लावून टाका" हे चालणार नाही, विषय खरोखर शिकलेले पाहिजेत. आणि टूर्नामेंटमध्ये मिळालेल्या बक्षिसाच्या पैशाचा हिशेब, कुठं किती मिळाले, प्रवासाला किती गेले, सगळं एका वहीत. आई म्हणाली हे म्हणजे जीएसटीसारखंच झालं की.

वागणुकीच्या नियमांबद्दल थोडं बोलते, कारण तिथं मात्र मी खेळाडूंवरच कडक आहे. डोपिंग. पोरींना वाटतं ते ऑलिंपिकवाल्यांचं काम, आपल्याला कोण तपासतंय. पण खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्सलासुद्धा नाडाची, म्हणजे डोपिंग तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची माणसं येतात. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत नाडाची टीम आल्याचं कळल्यावर पोरं मैदानातून गायब झाली, पुरुषांच्या १०० मीटर फायनलला एकटा धावला. एकटा! तो पहिला आला की शेवटचा हे कसं ठरवायचं. आपल्याकडे जिममधला कुणीतरी दादा डबा देतो, ताकद येते म्हणून, डब्यावर काय लिहिलंय ते त्यालाही वाचता येत नाही, आणि नियम असा की शरीरात जे सापडलं त्याला जबाबदार खेळाडू, कुणी दिलं हा प्रश्न नंतर. सर्दीच्या काही गोळ्यांतसुद्धा स्पर्धेच्या वेळी न चालणारी औषधं असतात. नाडाचं औषध तपासायचं ॲप आहे, ते मी मोठ्या पोरींच्या फोनमध्ये टाकून दिलंय, आता त्या मेडिकलवाल्यालाच उलट प्रश्न विचारतात, त्याचं डोकं उठतं.

आणि रात्रीचे मेसेज. ह्यावर मी फार लिहिणार नाही पण पूर्ण गाळणारही नाही. मुलींना सर लोकांचे रात्री अकरा-बाराला "झोपली का" असे मेसेज येतात, सरावाचं निमित्त असतं. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं तक्रारीसाठी अंतर्गत समिती असायला पाहिजे, कॉलेजच्या बोर्डवर त्या समितीची नावं असतातही, पण त्या बोर्डासमोर सायकली लावलेल्या असतात. फोन कधी करायचा ह्याचा नियम असावा असं मी म्हणते ते फक्त ॲडमिशनपुरतं नाही.

मग मी माझ्यापुरतं ठरवलं. मला कुठलाही अधिकार नाही, मी काय एनसीएए नाही, पण नंबर तर माझ्याच फोनमध्ये आहेत ना. बारावीची शेवटची परीक्षा होईपर्यंत कुणालाही पोरीचा नंबर नाही. त्यानंतर बोलायचं असेल तर मैदानावर या, संध्याकाळी, आई नाहीतर वडील हजर असताना. जे देणार आहात ते कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीनं, आणि त्यात एक ओळ पाहिजेच, दुखापत झाली तर काय. ही ओळ मी अमेरिकेवरून नाही घेतली, त्या गुडघ्यावरून घेतली.

काहीजण रागावले. एक सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही पोरींचं नुकसान करताय, आम्ही दुसरीकडून उचलू." उचला म्हणलं. एकानं माझ्या हेडमास्तरांकडे फोन केला, हेडमास्तर म्हणाले काय ते तुमचं तुम्ही बघा, म्हणजे त्यांनी काही विरोध केला नाही एवढं पुरे. पण एक तरुण सर आले, नवीनच लागलेत, खिशातून कागद काढून म्हणाले मसुदा आणलाय, बघून घ्या. मैदानाच्या कट्ट्यावर बसून आम्ही वाचला, पोरगी, तिची आई, मी आणि ते. फी किती माफ, कुठली कुठली, होस्टेल किती महिने, दुखापत झाली तर ते शैक्षणिक वर्ष पूर्ण होईपर्यंत सवलत चालू, टीसी मागितल्यावर अडवणार नाही. सगळं होतं. फक्त एका ठिकाणी "योग्य डाएट देण्यात येईल" एवढंच लिहिलेलं. आई चौथी शिकलेली बाई, गारमेंटमध्ये शिलाईला जाते, तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "योग्य म्हंजी किती? अंडी किती, दूध किती?" सर हसले, पण पेन काढून बाजूला लिहून घेतलं आणि म्हणाले मेसवाल्याला विचारून दुरुस्त करून आणतो.

अजून आणलेला नाही. ॲडमिशनची तारीख जवळ आलीये, पोरगी रोज विचारते, "मॅडम, सही करू का?" मी म्हणते थांब, अंड्यांचा आकडा येऊ दे आधी.